औषधानंतरचा दिवस

घरातल्या कोणाचा हात मोडला, तर हाड बसवतात, प्लास्टर घालतात, आणि पाच-सहा आठवड्यांनी ते काढून डॉक्टर सांगतात, "हाड जुळलं." घरच्यांना हायसे वाटते. पण हात पाहावा तर काडी झालेला. कोपरात वळत नाही, पाण्याचा तांब्याही त्याने उचलवत नाही. मग शेक, मालिश, व्यायाम सुरू होतात. त्यात आणखी काही आठवडे जातात. या काळात त्या हाताला कोणी आळशी म्हणत नाही, की "हाड जुळलंय ना, मग उचल की बादली" असा आग्रहही धरत नाही.

मनाच्या आजारात मात्र आपण नेमके हेच करतो. मुलगा महिना-दीड महिना इस्पितळात राहून आला. कानात येणारे आवाज थांबले, शेजारी जेवणात विष घालतात ही शंका गेली, रात्री झोप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही. पहिला आठवडा सगळे त्याच्या कलाने घेतात. दुसऱ्या आठवड्यात वडील म्हणू लागतात, "अरे, नुसता लोळतोस काय? उठून बाहेर तरी जा." आई म्हणते, "असू द्या हो, आजारातून उठलाय तो." दादा म्हणतो, याला कुठेतरी चिकटवून द्या. मामा म्हणतात, लग्न करून द्या, जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर. आणि ज्याच्याबद्दल हे सारे चालले आहे तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते या मुलाच्या दिवसाबद्दल. सकाळी आठला गोळी घेतली, रात्री नऊला घेतली. मधले तेरा तास त्याने काय करायचे? या प्रश्नाला जगात अनेक ठिकाणी एक साधे उत्तर मिळालेले आहे. ते म्हणजे दिवसाचे केंद्र. सकाळी दहाला जायचे, चार वाजता घरी परतायचे, आणि मधला वेळ आपल्यासारख्याच वीस-पंचवीस माणसांबरोबर काम करण्यात, बोलण्यात, खेळण्यात घालवायचा. ऐकायला हे फार किरकोळ वाटते. "एवढ्यानं काय होणार?" असेच पुष्कळ जण विचारतात. म्हणून त्यामागचे कारण आधी समजून घेऊ.

स्किझोफ्रेनिया नावाचा जो आजार आहे (जुन्या मराठी पुस्तकांत त्याला छिन्नमनस्कता म्हटलेले आढळेल) त्याची लक्षणे दोन जातींची असतात. काही लक्षणे म्हणजे नसलेले काही तरी येऊन बसणे: आवाज, भास, संशय, असंबद्ध बोलणे. दुसरी म्हणजे असलेले काही तरी निघून जाणे: उत्साह जातो, बोलणे आटते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, आंघोळ करावी, दाढी करावी, कोणाला भेटावे असे वाटेनासे होते. १९५२ साली पॅरिसच्या एका इस्पितळात क्लोरप्रोमाझीन हे औषध वापरात आले आणि मनोरुग्णांच्या उपचारात क्रांती झाली. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली माणसे शांत झाली, घरी जाऊ शकली. त्यानंतर आणखी चांगली औषधे आली. परंतु या सर्व औषधांचा जोर मुख्यतः पहिल्या जातीच्या लक्षणांवर चालतो. आलेले पाहुणे ती घालवून देतात. निघून गेलेले घरचे माणूस मात्र ती परत आणू शकत नाहीत. आपण ज्याला आळस म्हणतो, तो बहुतेक वेळा हा दुसऱ्या जातीचा आजार असतो.

आता यात एक मोठी मेख आहे. ही दुसरी लक्षणे सगळीच आजाराची असतात का? काही रिकामपणाची तर नसतात? इंग्लंडमध्ये जॉन विंग नावाचे मनोविकारतज्ज्ञ आणि जॉर्ज ब्राउन नावाचे समाजशास्त्रज्ञ यांनी हा प्रश्न धसास लावला. १९६० पासून काही वर्षे त्यांनी तीन मोठ्या मनोरुग्णालयांतील स्किझोफ्रेनियाच्या स्त्री-रुग्णांची पाहणी केली. त्यांच्याजवळ स्वतःच्या वस्तू किती आहेत, परिचारिका त्यांच्याशी कशा बोलतात, बाहेरच्या जगाशी संबंध किती, आणि दिवसातला किती वेळ त्या अगदी काहीही न करता बसून असतात, हे सारे त्यांनी टिपून ठेवले. १९७० साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले, की जिथे वातावरण दरिद्री, तिथे रुग्णांची दुसऱ्या जातीची लक्षणेही अधिक. आणि पुढे वातावरण सुधारले तशी ती लक्षणेही उणावली. सुधारणेशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट कोणती निघाली, तर 'काहीही न करण्याचा वेळ' कमी होणे.

हे वाक्य नुसते ऐकून सोडून देण्यासारखे नाही. रिकामा दिवस ही आजाराची खूण असते तशीच ती आजाराची खुराकही असते. आणि रिकामा दिवस काही फक्त इस्पितळातच असतो असे नाही. गिरगावातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, साताऱ्याच्या वाड्याच्या माजघरात, प्रेमळ आई-वडिलांच्या देखत तो तसाच असू शकतो.

दिवसाची ही सोय प्रथम निघाली ती नाइलाजातून. १९३० नंतरच्या दशकात मॉस्कोमध्ये इस्पितळातल्या खाटा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा रुग्णांनी दिवसा यावे आणि रात्री घरी झोपावे अशी व्यवस्था केली गेली. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारास, माँट्रियल आणि लंडन येथे अशी दिवसाची रुग्णालये निघाली. ही सगळी डॉक्टरांनी काढलेली. परंतु याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये काही वेगळेच घडले, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते रुग्णांनी स्वतः घडवले.

रॉकलँड येथील सरकारी मनोरुग्णालयातून सुटलेली काही माणसे शहरात एकमेकांना भेटू लागली. बसायला जागा नव्हती. सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ती जमत, असे सांगतात. आपल्या मंडळाला त्यांनी नाव दिले त्याचा अर्थ 'आम्ही एकटे नाही' असा होता. १९४८ साली काही हितचिंतकांच्या मदतीने त्यांना सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर एक घर मिळाले. मागच्या अंगणात एक कारंजे होते, म्हणून घराचे नाव पडले 'फाउंटन हाउस'. १९५५ साली जॉन बियर्ड नावाचे समाजकार्यकर्ते तेथे प्रमुख म्हणून आले, आणि पुढची पंचवीस-एक वर्षे त्यांनी या घराला आकार दिला.

त्यांचा पहिला नियम असा, की इथे येणारा माणूस 'रुग्ण' नाही, 'सभासद' आहे. रुग्णावर उपचार होतात. सभासदाला मत आणि वाट्याचे काम असते. दुसरी गोष्ट ऐकून आपल्याला गंमत वाटेल. पगारी नोकर त्यांनी मुद्दामच कमी ठेवले. स्वयंपाकघर, टपाल, दूरध्वनी, झाडलोट, हिशेब, महिन्याचे वार्तापत्र, या सगळ्याला माणसे तर हवीत! नोकर पुरेसे असते तर सभासदांना दिलेले काम खोटे ठरले असते, लहान मुलाला लाटणे देऊन पोळी लाटायला बसवतात तसे. नोकर अपुरे, म्हणून सभासद आला नाही तर खरोखरच जेवायला उशीर होतो. आणि म्हणूनच दोन दिवस कोणी दिसला नाही, तर कोणीतरी त्याला फोन करते किंवा घरी जाऊन विचारते, "काय हो, कुठे आहात? तुमच्यावाचून अडलंय."

"तुमच्यावाचून अडलंय." आजारानंतर कित्येक वर्षांत हे शब्द ज्याच्या कानांवर पडलेले नाहीत, त्याच्यावर त्यांचा काय परिणाम होत असेल याची कल्पना करा. आज या धर्तीची घरे तीसहून अधिक देशांत आहेत. आपल्या शेजारी लाहोरमध्ये १९७१ सालीच एक निघाले. त्याचेही नाव फाउंटन हाउसच.

बरे, अशा केंद्रात दिवसभर चालते काय? देशोदेशी तपशील वेगळा, पण आपल्याकडच्या चांगल्या केंद्राचा दिवस साधारण असा असतो. दहा वाजता मंडळी जमतात. हजेरी स्वतःची स्वतः लिहायची. मग कोणी एक जण वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचतो आणि तिच्यावर थोडे बोलणे होते. नंतर कामांची वाटणी. एक गट भाजी निवडतो, एक गट शिवणाला किंवा छपाईला बसतो, एक बागेत जातो. दुपारी डबे उघडतात. जेवणानंतर कॅरम, गाणी, कधी गटचर्चा. साडेतीनला चहा, चारला घरी.

यातला चहाच घ्या. वीस माणसांचा चहा करणे हे आपल्यातल्या धडधाकट माणसालाही एकदम जमत नाही. आज किती जण आले आहेत ते मोजायचे. दूध किती लागेल याचा अंदाज करायचा, कमी असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचे, सुटे पैसे नीट मोजून घ्यायचे. बिनसाखरेचे कोण, कोरा कोणाला, हे लक्षात ठेवायचे किंवा लिहून घ्यायचे. आधी पाणी, मग साखर, मग पूड, मग दूध. मध्येच कोणी हाक मारली तरी गॅसकडे लक्ष. शेवटी कप धुवायचे. या आजारात नेमक्या याच शक्ती दुबळ्या होतात: लक्ष टिकवणे, क्रम लावणे, आठवण ठेवणे, दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून प्रश्न विचारणे. मानसशास्त्रज्ञ त्यांच्यासाठी निरनिराळे अभ्यास काढतात, आणि ते उपयोगीही असतात. परंतु चहाच्या अभ्यासाला एक जोड आहे, जी कागदावरच्या अभ्यासाला नाही: शेवटी वीस माणसे तो पितात. चांगला झाला तर म्हणतात, बिघडला तरी म्हणतात! "आज साखर विसरलात वाटतं," असे एका बरोबरीच्या माणसाने हसत सांगणे आणि वडिलांनी कपाळाला आठी घालून सांगणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गटाचे महत्त्व इथेच कळते. डॉक्टरांसमोर तो दहा मिनिटे बसतो आणि "बरं आहे" एवढेच सांगतो. गटात एखादा म्हणतो, "गोळ्यांनी माझे हात थरथरतात, कप धरायची लाज वाटते." लगेच दुसरा म्हणतो, "माझेही थरथरायचे. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी बदलली." ही माहिती डॉक्टरही देतील, पण ज्याचा हात थरथरलेला आहे त्याने दिलेली माहिती निराळी लागते. पुष्कळ जण याच थरथरीपायी, किंवा वजन वाढते म्हणून, कोणाला न सांगता औषध सोडतात आणि तीन-चार महिन्यांत पुन्हा आजारी पडतात. गटात ते आधीच उघड होते. तसेच आवाजांचे. "मला अजून अधूनमधून ऐकू येतं" हे घरी सांगायची सोय नसते. आईचा जीव टांगणीला लागतो. इथे सांगता येते, आणि चौघे आपापली युक्ती सांगतात: कोणी अशा वेळी मोठ्याने वाचतो, कोणी रेडिओ लावतो, कोणी उठून चार पावले चालतो. रेडिओचा हा उपयोग आम्हां आकाशवाणीवर बोलणाऱ्यांना नव्याने कळणारा आहे!

सगळ्यांनी बोललेच पाहिजे अशी सक्ती मात्र चांगल्या गटात नसते. काही जण महिना-महिना नुसते बसून ऐकतात. त्यांनाही तो महिना वाया गेलेला नसतो.

आता घराकडे वळू. वर ज्यांचे नाव आले त्याच जॉर्ज ब्राउन यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली होती. इस्पितळातून सुटलेली जी माणसे आईवडिलांकडे किंवा पतिपत्नीकडे परतली, ती भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणींकडे राहणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा पुन्हा आजारी पडत. असं का व्हावं? पुढच्या अभ्यासांत दिसले, की घरात टोमणे, सततची टीका, किंवा डोळ्यांत तेल घालून केलेली जीवघेणी काळजी यांचे प्रमाण जास्त असेल, तर आजार उलटण्याचा संभव वाढतो. आणि आणखी एक आकडा निघाला, तो म्हणजे आठवड्याला ३५ तास. अशा तापलेल्या घरात रुग्ण आणि नातेवाईक आठवड्यातून ३५ तासांहून अधिक वेळ समोरासमोर असतील, तर धोका फार. लंडनमधल्या क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६ साली आपले आणि आधीचे आकडे एकत्र करून मांडले. अशा घरांत ३५ तासांहून अधिक सहवास आणि औषध नाही, तर नऊ महिन्यांत शंभरांतले सुमारे ९२ पुन्हा आजारी पडले. तितकाच सहवास पण औषध चालू, तर सुमारे ५३. सहवास कमी आणि औषधही चालू, तर केवळ १५.

हे आकडे ऐकून कोणा आईने स्वतःला दोष लावून घेऊ नये. तसा दोष काही ठिकाणी लावला गेला, आणि तो अन्यायाचा होता. घरामुळे आजार होतो असे हे आकडे सांगत नाहीत. शिवाय टीका बहुधा थकव्यातून येते. जी बाई पहाटे पाचला उठून डबे करते, मुलाच्या गोळ्या मोजते, तो रात्री बाहेर तर जाणार नाही ना म्हणून कडीशेजारी अंथरूण घालते, तिच्या तोंडून एखादा कडू शब्द गेला तर नवल कसले? १९८७ साली चंदीगडच्या घरांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथल्या नातेवाइकांत टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. आपल्या घरांची ती पुण्याई म्हणायची. पण माणसे कमी आणि खोल्या लहान होत चालल्या आहेत. काका-काकू, आजी-आजोबा यांच्यात वाटला जाणारा भार एकट्या आईवर येऊन पडला आहे.

म्हणून हिशेब करून पाहा. सकाळी दहा ते चार म्हणजे सहा तास, आठवड्यातले सहा दिवस. जाण्यायेण्याचा वेळ धरून चाळीस तास होतात. एवढा वेळ मुलगा आपल्या लोकांत असतो आणि आई आपल्या कामांत, किंवा कामाविना थोडी आडवी झालेली. संध्याकाळी दोघांजवळ एकमेकांना सांगायला काही असते. "आज काय केलंस?" हा प्रश्न घरी बसलेल्या मुलाला विचारला तर तो टोमणा ठरतो, केंद्रातून आलेल्याला विचारला तर ती चौकशी असते.

मराठीत यासाठी दोन चांगले शब्द रूढ झाले आहेत: आजाराला तोंड देणारा तो 'शुभार्थी', आणि त्याला सांभाळणारा तो 'शुभंकर'. शुभंकरांचेही स्वतंत्र गट भरतात. तिथे बाप माणसे रडतात, आणि तेही औषधच आहे. आपल्याकडे कुटुंबाला उपचारात घेण्याची ओळख तशी जुनी. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णाबरोबर राहायला लावले, त्यांच्याशी रोज एकत्र बोलणे ठेवले, आणि त्यामुळे रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. पुढे मद्रासमध्ये डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली 'स्कार्फ' ही संस्था काढली. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था उभी राहिली. वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते, मूळचे आपल्या धुळे भागातले, आणि स्वतः शुभंकर. परदेशात पाहिलेली मदत आपल्या गावाकडच्यांना का मिळू नये, या विचाराने त्यांनी इकडे काम उभे केले.

या सर्वांचे नाव घेतले तरी हिशेब अपुराच राहतो. मोठ्या शहरांबाहेर अशी केंद्रे फार थोडी. मुंबईच्या बाजूला अजून थट्टेत म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा," आणि पुण्याकडे म्हणतात, "येरवड्याला." ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे, म्हणजे सव्वाशे वर्षांत आपल्या बोलीला या आजारासाठी इस्पितळाखेरीज दुसरा पत्ता सापडला नाही! घर किंवा इस्पितळ, मध्ये काही नाही. मग ज्यांना दोन्ही पुरत नाही ते कुठे जातात? २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. तिथली माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. पंचवीसहून अधिक जण जागच्या जागी जळून गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे नातेवाईक सगळेच दुष्ट असतील, असे मला वाटत नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांना दिवसाचे सहा तास कोणी सांभाळले असते, तर कदाचित उरलेले अठरा तास त्यांनी सांभाळले असते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मनोरुग्णाला दिला आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजार धरलेला आहे. तेव्हा केंद्र मागणे ही आता दयेची याचना राहिलेली नाही.

अर्थात केंद्र म्हटले की सगळे आलबेल, असेही नाही. काही ठिकाणी मी म्हणतो त्या दिवसाचे नुसते सोंग असते. वर्षानुवर्षे तीच पाकिटे चिकटवायची, त्याच मेणबत्त्या ओतायच्या, दिवाळीला त्या पाहुण्यांनी कौतुकाने विकत घ्यायच्या. पदवीधर मुलगा दहा वर्षे पणत्या रंगवत असेल, तर तो रिकामा दिवसच आहे, फक्त रंगवलेला. फाउंटन हाउसने यावर तोड काढली होती ती अशी: बाहेरच्या कंपनीतली खरी नोकरी संस्थेच्या नावावर घ्यायची, सभासदाने ती सहा-नऊ महिने करायची, पगार पूर्ण, आणि तो एखाद्या दिवशी जाऊ शकला नाही तर संस्थेचा माणूस त्या जागी जाऊन उभा राहणार. मालकाचे काम अडत नाही आणि सभासदाची भीती मोडते. १९९० नंतर अमेरिकेत जे अभ्यास झाले त्यांनी याच्याही पुढे जाऊन दाखवले, की लांबलचक पूर्वतयारी करत बसण्यापेक्षा माणसाला त्याच्या पसंतीच्या खऱ्या नोकरीत लवकर घालावे आणि तिथे सोबत द्यावी. अशी माणसे अधिक संख्येने नोकरीवर लागतात. मला हे पटते. परंतु सर्वांनाच नोकरी झेपेल असे नाही, आणि ज्याला झेपणार नाही त्याचाही दिवस भरला पाहिजे. केंद्राच्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी नसावी, एवढे मात्र खरे.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. आजार भरात असेल, जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार येत असतील, तर आधी डॉक्टर आणि इस्पितळ. केंद्राचा विचार नंतर. केंद्रात जाऊ लागला म्हणून औषध कमी करणे किंवा बंद करणे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि मुलींना विसरू नये. मुलगा असला तर घरचे धडपडतात. मुलगी असली तर "घरकामात असते की गुंतलेली" असे म्हणून किंवा चार लोकांत कळेल म्हणून तिला घरीच ठेवतात. स्थळ येईपर्यंत आजार झाकून ठेवायचा आणि लग्नानंतर तो सासरी उघडा पडायचा, याने किती जणींचे औषध तुटले आणि संसारही तुटले!

आपल्या गावात केंद्र आहे की नाही हे कळण्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात चौकशी करावी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, समाजसेवकांना विचारावे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीतूनही बोलता येते. केंद्र पाहायला जाल तेव्हा इमारत किती मोठी, हे पाहू नका. तिथे चहा कोण करतो ते पाहा. येणाऱ्यांना नावाने हाक मारतात की नाही, दार उघडे आहे की नाही, एखादा आठ दिवस आला नाही तर काय करतात, आणि गेल्या वर्षभरात कितीजण बाहेर नोकरीला किंवा शिक्षणाला लागले, हे विचारा.

केंद्रच नसेल, तर चार शुभंकरांनी मिळून आठवड्यातून दोन दुपारी वाचनालयाची किंवा देवळाची एखादी ओवरी मागून घ्यावी. न्यूयॉर्कच्या त्या मंडळींजवळ तर पायऱ्याच होत्या.

पहिले काही दिवस जड जातात, हेही सांगून ठेवतो. तो म्हणेल, "ते सगळे वेडे आहेत, मी नाही जाणार." असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. वाद घालू नका. दोन आठवडे येऊन बघ, एवढेच म्हणा. सुरुवातीला एक तास बसला तरी पुरे. पोहोचवायला जा, पण दाराबाहेर थांबून खिडकीतून डोकावू नका. घरी या. चार वाजता तो आपणहून परतेल, कदाचित बस चुकून साडेचारही होतील. त्या अर्ध्या तासात फोन करू नका.